तात्यांच्या शांततेचं बक्षीस

बब्रुवान तात्यांना भांडण बघवायचं नाही. मुरुमच्या अलीकडच्या त्यांच्या गावात कुणी बांध कोरला, कुणाची म्हैस पिकात शिरली, दोन भाऊ वेगळे निघाले, की माणसं आधी तात्यांच्या ओट्यावर. तात्या तंबाखू मळत सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "काठी मारून पाणी तुटतंय व्हय? मिटवा." आणि मिटायचं हो! गावानं पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, याचा तात्यांना अभिमान होता. जरा जास्तच होता म्हणा ना.

सगळ्यांत मोठं मिटवलं ते बहात्तरच्या दुष्काळात. गावच्या विहिरी आटल्या, पाणी उरलं एकट्या तात्यांच्या विहिरीत. बौद्ध वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आल्या, पुढं भिमाबाई. तिनं सरळ दोरीला हात घातला. झालं! तात्यांची भावकी काठ्या घेऊन धावली. तात्या मधे उभे राहिले आणि तोड काढली: वस्तीच्या बायांनी दोरीला हात लावायचा नाही, खाली उभं राहायचं, गडी वरून ओतून देईल. दुष्काळापुरतं. कुणाचं डोकं फुटलं नाही, पंचक्रोशीत तात्यांचं नाव झालं. पुढं पाऊस झाला, भावकी आपापल्या विहिरीवर गेली, पण वस्तीला ओतून द्यायचं ते चालूच राहिलं. ते मोडावं असं तात्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

एकोणऐंशी साली रेडिओवर बातमी लागली, कलकत्त्याच्या एका बाईंना शांततेचं नोबेल मिळालं. मुरुमच्या एका दूध संस्थेचे चिटणीस शांतलिंग गुरुजी तेव्हापासून त्याच नादात. दिसेल त्याला धरून सांगायचे, की सुरुंगाची दारू शोधून काढणाऱ्या नोबेल नावाच्या माणसानं मृत्युपत्रात हे बक्षीस लिहून ठेवलं. बाकीची बक्षिसं स्वीडनमध्ये, शांततेचं तेवढं नॉर्वेत. तिथल्या संसदेनं नेमलेले पाच जण निवड करतात. आपलं नाव आपण सुचवायचं नाही, आणि कुणाकुणाची नावं आली हे पन्नास वर्षं गुलदस्त्यात. एखाद्या साली कुणी योग्य वाटलं नाही, तर देतच नाहीत.

"बहात्तरला न्हाईच दिलं कुणाला," गुरुजी म्हणायचे. "आता त्या सालात आपले तात्या हितं काय करीत व्हते, हे त्या पाच जनांला कोन सांगनार?"

मग संस्थेनंच तसं बक्षीस काढलं. पाच पंच नेमले, तात्यांचं नाव ठरलं. गुरुजींनी अट एकच घातली, भांडणातल्या दुसऱ्या बाजूनं सभेत येऊन चार शब्द बोलायचे. ते झालं की बक्षीस पक्कं.

भिमाबाईला काय, निरोप धाडला तरी आली असती. पण तात्या इस्त्रीचं धोतर नेसून स्वतः निघाले. भर दुपारी वस्तीत पोचेतो घशाला कोरड पडली. या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते, हे त्यांना तिथं पोचल्यावर उमगलं.

भिमाबाईनं घोंगडं अंथरलं, पोराबाळांची चौकशी केली आणि तांब्या भरून आणला. "पानी घ्या, तात्या."

"नको नको, आत्ताच पिऊन आलोय," तात्या म्हणाले.

जीभ बोलून गेली, डोकं मागनं आलं. पाणी तरी कुठलं? त्यांच्याच विहिरीचं! तात्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भिमाबाईनं तांब्या खाली ठेवला आणि काय काम काढलं ते विचारलं. तात्यांनी कसंबसं सांगितलं.

"येते की," ती म्हणाली. "तुमी मधी पडला नसता तर आमची डोकी फुटली असती. खरं हाय ते, सांगते. पर तात्या, भांडन मिटलं कारन आमी गप बसलो. आजून बसलोय. ते बी सांगू का?"

तात्यांना मान वर करवेना. लाजेनं कानशिलं तापली. शेवटी त्यांनी हात पुढं केला. "दे ते पाणी. पितो."

भिमाबाई रागावली नव्हती. तेच तर सोसवत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या, तात्या," ती म्हणाली. "तहान नसताना कशाला पेता?" आणि तांब्या उचलून ती आत गेली.