सहाव्या भागातली कबुली

लेकीने सावेडीच्या फ्लॅटमधल्या टीव्हीवर एक ब्रिटिश पोलिसी मालिका लावून दिली, हिंदीत डब केलेली. खेड्याबाहेरच्या रस्त्यावर एका माणसाला गाडी उडवून जाते आणि एक बाई इन्स्पेक्टर सहा भाग तो ड्रायव्हर शोधते. माझ्या थोरल्या भावालाही घोडेगावच्या बैलबाजारातून परतताना वळणावर कुणीतरी असंच उडवलं. गाडी सापडली नाही. म्हणून बघत बसलो.

मालिका चांगली आहे. ती बाई मेलेल्याच्या घरी जाते, स्वयंपाकघरात बसते आणि माणूस कसा होता ते विचारते. आमच्याकडे आलेल्या हवालदाराने गाडीचा नंबर विचारला. "तो ठाऊक असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" मी ओरडलो. तो पुन्हा आला नाही. दादा कसा होता, हे कुणीच विचारलं नाही.

मालिका फसते ती शेवटी. पाच भाग गप्प राहिलेला ड्रायव्हर सहाव्यात टेबलापाशी बसतो आणि दोन फोटो बघून सगळं सांगून टाकतो. बायको म्हणाली, "बरं झालं, कबूल झाला." मी म्हणालो, "असं कोणी कबूल होत नसतं."

मी बैलांचे सौदे करून वर आलो. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. तोंड खोटं बोलतं, बोटं नाही, अशी माझी खात्री. दादा गेल्यापासून समोरच्याची बोटं हातात आली की मी त्या वळणाचा विषय काढतो.

परवा बाजारात वळणाचा विषय काढताच एका गिऱ्हाइकाची बोटं थांबली. मी हात आवळला.

"तूच ना? वळणावर माझ्या भावाला तूच उडवलंस!"

"न्हाई, मालक. माझी बायकू तिथंच गाडीखाली गेली. हात सोडा."

मी लगेच सोडला नाही. त्यानेही ओढला नाही. रुमाल खाली पडला होता.

"कसा हुता तुमचा भाऊ?" त्याने विचारलं.

मला काही आठवेना. मग म्हणालो, "भाव मी करायचो. तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहायचा."

त्याने मान हलवली. आम्ही दोघं सौद्याला उभ्या असलेल्या बैलाकडे बघत राहिलो. भाव अजून ठरायचा होता.