फाट्यावर थांबणारा दत्ता

"मास्तर, आज क्लच घसरतोय वाटतं!" दत्ताने मागे वळून न पाहता हाक मारली, तेव्हा मी जेमतेम फाटकातून आत आलो होतो. गुडघा दुखत होता म्हणून जरा लंगडत होतो, एवढंच. काचीगुड्याच्या आपल्या घरी तो व्हरांड्यात फाटकाकडे पाठ करून बसायचा आणि समोरच्या खांबावर ठोकलेल्या गोल आरशातून येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घ्यायचा. ती आमची शेवटची भेट. त्याच आठवड्यात एका सकाळी मालतीवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले... झोपेतच." फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बेट्याने मला न विचारताच गाडी पुढे काढली. आता महिना होईल त्याला जाऊन. शोकसभेत लोक 'शिस्तप्रिय अभियंता' वगैरे बोलले. मला मात्र तो खाकी हाफपँटमध्ये, जीपखाली उताणा पडून मला पाना मागणाराच आठवतो.

हैदराबाद राज्य अजून अखंड होतं तेव्हाची गोष्ट. दत्ता बांधकाम खात्यात होता, मी नारायणगुड्याच्या सरकारी शाळेत शिकवत होतो. लष्कराने मोडीत काढलेल्या तीन जीपगाड्या त्याने लिलावात घेतल्या आणि तिन्हींचे सुटे भाग जुळवून दोन चालत्या गाड्या उभ्या केल्या. त्यातली एक त्याने माझ्या गळ्यात मारली. मला तोवर सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. "चारी चाकं ओढतात रे, तू नुसतं धरून बस," एवढंच त्याचं शिकवणं. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुट्टी झाली की आमचा 'क्लब' निघायचा. क्लब म्हणजे दोन जीपा, आम्ही दोघं, आमच्या बायका आणि दशम्यांचा डबा. विकाराबादवरून अनंतगिरीच्या डोंगरवाटांना लागायचं, नाहीतर मेदक, नाहीतर जहीराबाद. कुठल्याही गावात शिरलं की दत्ता आधी बाजारात मिरचीभजी हुडकायचा आणि गाव चांगलं की वाईट ते त्या भज्यांवरून ठरवायचा. त्याच्या लेखी सदाशिवपेटच्या तोडीचं शहर जगात नव्हतं.

क्लबला नियम एकच होता, तोही दत्ताने केलेला. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं. मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. त्यासाठी त्याने आपल्या जीपला एक भलामोठा गोल आरसा बसवला होता. मी हसलो, तर म्हणाला, "पुढचा रस्ता कुणालाही दिसतो, मास्तर. मागचा येतोय की नाही ते बघावं लागतं."

या नियमाने एकदा आमची चांगलीच फजिती केली. अनंतगिरीत एका टेकडीला दोन बाजूंनी वळसा घालणाऱ्या दोन गाडीवाटा होत्या. दत्ता पुढे होता. दोन्ही वाटा पलीकडे मिळतात असं समजून तो न थांबताच उजवीकडून गेला, आणि त्याच्या धुळीत मला काही न दिसल्यामुळे मी डावीकडून गेलो. टेकडीपलीकडे दोन्ही वाटा वेगवेगळ्या फाट्यांवर निघत होत्या. माझ्या फाट्यावर दत्ता नव्हता. म्हणजे मीच पुढे आलो, असा हिशोब करून मी थांबलो. तो तर पुढे होताच, त्यामुळे तोही आपल्या फाट्यावर थांबला. मी दोनदा दशम्या खाल्ल्या. शांता, माझी बायको, म्हणाली, "जरा पुढे जाऊन बघू या का?" मी ठणकावलं, "नियम म्हणजे नियम." ऊन उतरायला आलं तेव्हा सीताफळं विकणारी एक बाई रिकामी होत आलेली टोपली घेऊन आली आणि आम्हाला न्याहाळून म्हणाली, "उदर भी एक मोटार खडीच है, साब. वो साब बोलते, पीछेवाले आरें. आधा टोकरा सीताफलां खा गए बैठे-बैठे!" आम्ही पोचलो तेव्हा दत्ता सालींच्या ढिगाशेजारी बसला होता. "किती उशीर!" तो माझ्यावरच ओरडला. माझ्या वाटणीचं एकही सीताफळ उरलं नव्हतं.

पुढे राज्यांची नव्याने मांडणी होणार हे नक्की झालं. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, हैदराबाद आंध्रात. आमच्यासारख्या नोकरदारांपैकी ज्यांना मुंबई राज्यात जायचं असेल त्यांनी मुदतीच्या आत कळवायचं होतं. काचीगुड्यात बिऱ्हाडं हलू लागली. दत्ताला औरंगाबादला बढती मिळणार असं सगळे म्हणत, वहिनींचं माहेरही तिथलंच. माझी शेती परभणीकडे. तो जाणार म्हणाला असता तर मी त्याच दिवशी कळवलं असतं. पण त्याचं चित्त इथे रमलेलं असेल तर आपण कशाला ओढायचं, म्हणून मी गप्प. "काय ठरवलंस?" मी विचारायचो. "बघू. तू?" "बघू." मग आम्ही दोघंही घाईघाईने इंजिनाबद्दल बोलायला लागायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मला एकच काळजी होती. दत्ता गेला तर या शहरात मी भांडायचं कुणाशी?

मुदत संपली. पुढच्या रविवारी वहिनींनी पोहे करता करता विचारलं, "मग, आपण कधी निघायचं?"

"मी कुठे कळवलंय?" दत्ता म्हणाला. "मास्तरची शेती आहे तिकडे. म्हटलं, हा आधी ठरवू दे."

"मी तुझ्यासाठी थांबलो होतो!" मी ओरडलो.

वहिनींच्या हातातला झारा तसाच राहिला. "अगंबाई! म्हणजे परत दोघंही आपापल्या फाट्यावर बसून राहिलात?"

आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग दत्ता एकदम थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं झालं रे..." पुढे त्याच्या हाताखालची माणसं तिकडे मोठी साहेब झाली. हा इथे चाळिशीत तेलुगू शिकत राहिला, आणि त्याचं तेलुगू ऐकून कचेरीतले शिपाई तोंड फिरवून हसत. कधीमधी म्हणायचा, "मास्तर, तू आधी बोलला असतास तर मी आज बंगल्यात असतो." मी म्हणायचो, "आणि भांडला असतास कुणाशी?" यावर तो पुन्हा चहा मागवायचा.

जीपा यथावकाश भंगारात गेल्या. दत्ताने फक्त आपला गोल आरसा काढून घेतला आणि व्हरांड्याच्या खांबावर ठोकला. इतकी वर्षं मी समजत होतो, त्यातून त्याला फाटक दिसतं. परवा गेलो तर वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या खुर्चीत बसा, भाऊजी." बसलो आणि वर पाहिलं. आरशात फाटक होतं, गल्ली होती, आणि गल्लीच्या पार टोकाला जिथे दोन रस्ते फुटतात तो कोपराही होता. मी रोज तिथूनच वळून यायचो. "तुम्ही तिथे दिसलात की आत हाक मारायचे," वहिनी म्हणाल्या. "'चहा टाक, मास्तर फाट्यावर आला,' म्हणायचे." मी आल्या आल्या चहा कसा तयार असतो, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं...

बराच वेळ मी त्या आरशात बघत बसलो. आता तो पुढे गेलाय. नियम त्याचाच, तेव्हा कुठल्यातरी फाट्यावर नक्की थांबला असणार. माझा गुडघा असा, मला वेळ लागेल. माझ्या वाटणीची सीताफळं तेवढी ठेव, दत्ता.