सगळ्यांचा ओ पॉझिटिव्ह

सतरा फेब्रुवारी, सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. वर्ष मुद्दाम लिहीत नाही. ज्या बाळापायी हा सारा प्रकार घडला, ते आता शाळेत जाते. त्या दिवसाचा मात्र मला अजून तास न् तास आठवतो.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. हजेरी नुकतीच संपली होती. टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एका गावचे पोलीस पाटील होते. हा माणूस कधी विनाकारण फोन करत नसे.

"साहेब, पिकअप भरून माणसं निघालीत. नरडाण्याला."

"कशाला?"

"मूल आणायला. म्हणतात, दवाखान्यात आमचं मूल बदललं, आमचं नरडाण्यात आहे."

"गाडीत बायका आहेत?"

"आहेत. मूलही आहे."

एवढे पुरे होते. वीस माणसे परक्या गावात जाऊन कोणाच्या पाळण्यातले मूल उचलू लागली, तर पुढे काय घडते हे सांगायला पोलीस अधिकारी असावे लागत नाही. नरडाणे शेजारच्या जिल्ह्यात; तिथल्या ठाण्याला कळवून मी तिकडच्या बाळाचे घर शोधायला आणि दाराशी एक माणूस उभा करायला सांगितले. आम्ही एरंडोलच्या पुढे महामार्गावर नाकाबंदी केली. पाऊण तासात पिकअप अडवली आणि आहे तशी ठाण्यात आणली.

गाडीतून आधी आजी उतरली. साठीची, उंच, आवाज खणखणीत.

"साहेब, आम्हना पोऱ्या तठे शे. आम्ही लेवाले जाई राहिनूत. तुम्ही आडवा का येतस?"

"अक्का, बसा. पाणी घ्या."

"पाणी नंतर. आधी पोऱ्या."

तिच्या मागून तिचा मुलगा उतरला. वय अठ्ठावीस-तीस, कापसाची शेती, मान खाली. सगळ्यात शेवटी सून. कडेवर टॉवेलात गुंडाळलेले दीड महिन्याचे बाळ. महिला शिपायाने हात पुढे केला, तर तिने बाळ आपलेच म्हणून छातीशी घट्ट धरले.

"हाऊ मनाच शे," ती म्हणाली. "कोणी हात लावाना नही."

हवालदारांनी आजीचा जबाब नोंदवायला घेतला. प्रकरण असे होते. बाळाला कावीळ झाली, म्हणून त्याला आठ दिवस दवाखान्यात ठेवले. घरी पाठवताना मिळालेल्या कागदावर बाळाचा रक्तगट होता एबी पॉझिटिव्ह. आईचा बी पॉझिटिव्ह. बापाच्या वाहन परवान्यावर ओ पॉझिटिव्ह. भावकीतल्या एका बी.एस्सी. झालेल्या मुलाने वहीच्या पानावर तक्ता काढला आणि निकाल दिला: आईबापांपैकी एक जण ओ असेल, तर मूल एबी होत नाही. प्रसूतीच्या दिवशी त्याच दवाखान्यात नरडाण्याची एक बाई बाळंत झाली होती. मग मुले बदलली, दुसरे काय?

"सुनेविषयी काही शंका?" हवालदारांनी खाली मान घालून विचारले. विचारणे भागच होते.

आजीने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी पेन खाली ठेवले.

"सून मनी सोनं शे. परत बोलना ते पाह्य."

मी आजीच्या मुलाला माझ्या खोलीत घेतले. दार लोटले. चहा मागवला. चौकशीत चहा फार उपयोगी असतो. हातात कप असला की माणूस खोटे बोलताना तो खाली ठेवतो. याने ठेवला नाही.

"तुला खरंच वाटतं, मूल बदललं?"

त्याने लोटलेल्या दाराकडे पाहिले. "साहेब, मी म्हणतो बदललं. आईसमोर नका बोलू. दुसरं काही म्हटलं, तर घर राहत नाही. हे म्हटलं, तर निदान मूल कुठंतरी आहे आणि घरही आहे."

"आणि हे मूल?"

"ते माझ्याच बोटाला धरून झोपतं," तो म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

तेव्हा मला कळले की माझ्यासमोर गुन्हेगार नाही. शंकेला तोंड फुटू नये म्हणून वीस माणसे घेऊन निघालेला नवरा आहे. त्याचे घर संध्याकाळपर्यंत उभे राहते की नाही, हे आता माझ्या तपासावर होते.

दवाखान्यातून कागद मागवले. बाळाच्या पावलांचे ठसे, मनगटावरच्या पट्टीचा क्रमांक, वेळ, सारे जुळत होते. दोन प्रसूतींमध्ये सहा तासांचे अंतर होते. अदलाबदल व्हायला जागा दिसेना. म्हणजे उरली ती दुसरी शंका. दुपारचे बारा वाजले होते.

येथे माझी चूक कबूल करतो. आजीचा जबाब झाला, मुलाचा झाला, भावकीतल्या तक्तेवाल्याचाही झाला. जी बाई सकाळपासून बाकावर बसून होती, तिला मी सर्वांत शेवटी विचारले.

"ताई, तुमचं काय म्हणणं?"

"आता विचारता?" ती शांतपणे म्हणाली. "साहेब, एक सांगा. त्यांचा गट कळला कुठून?"

"परवान्यावर आहे."

"पण रक्त काढलं कोणी? त्यांना सुई दिसली की चक्कर येते. लग्नानंतर कुत्रं चावलं, तर चौघांनी धरलं होतं. घरी सगळ्यांना हेच सांगितलं. कोणी ऐकेना. तक्ता खरा, म्हणतात."

मी मुलाला हाक मारली. "तुझं रक्त कधी तपासलं?"

"कधीच नाही, साहेब."

"मग परवान्यावर ओ पॉझिटिव्ह कोणी लिहिलं?"

"फॉर्म एजंटनं भरला."

अर्ध्या तासात एजंट समोर होता. तहसील कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून बसणारा, बोलका, केसाला तेल. पोलीस ठाण्यात आल्यावर बोलकेपणा तेलासारखा खाली ओघळला.

"रक्तगटाचा रकाना कसा भरता?"

"साहेब, रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो."

"म्हणून?"

"विचारतो. गिऱ्हाईक म्हणतं, माहीत नाही. मग लिहितो ओ पॉझिटिव्ह."

"ओच का?"

तो अगदी निरागसपणे म्हणाला, "तो सगळ्यांना चालतो ना, साहेब!"

हवालदार हसले. मी हसलो नाही. पण त्याच वेळी मला एक शंका आली. "तुमचं ओळखपत्र दाखवा," मी हवालदारांना म्हणालो. ओ पॉझिटिव्ह. महिला शिपायाचे, ओ पॉझिटिव्ह. ठाणे अंमलदाराचे, ओ पॉझिटिव्ह. दारातून हे पाहणारी आजी म्हणाली,

"बठ्ठा पोलीस एकच मायना पोरं शेतस का?"

सगळे पोलीस एकाच आईचे, यावर मात्र अख्खे ठाणे हसले. खिशातले स्वतःचे कार्ड मी बाहेर काढले नाही.

दोन वाजता आम्ही सगळे रक्तपेढीत गेलो. तेथील तंत्रज्ञ बाई चष्म्यावरून पाहणाऱ्या, माझ्याहून कडक. मुलाचे बोट टोचले तेव्हा त्याने डोळे मिटले होते आणि बायकोने त्याचे दुसरे मनगट धरले होते. काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब. प्रत्येकात वेगळ्या बाटलीतले एकेक थेंब औषध. काडीने ढवळून बाईंनी पट्टी हलवली. पहिला थेंब कणाकणाने फुटला. मधला तसाच राहिला. तिसरा फुटला.

"दूध फाटना व!" आजी ओरडली.

"तसंच समजा," बाई म्हणाल्या. "पहिला फाटला, म्हणजे ए. तिसरा फाटला, म्हणजे पॉझिटिव्ह. तुमचा मुलगा ए पॉझिटिव्ह आहे."

बाईंनी समजावले. आईबाप मुलाला एकेक खूण देतात. ए आणि बी या खुणा उठून दिसतात. ओची त्यांच्यामागे झाकली जाते. बापाने ए दिला, आईने बी दिला, मूल एबी झाले. तक्तेवाल्याचे शास्त्र चोख होते. त्यात घातलेली माहिती खोटी होती.

आजीने नातवाला हातात घेतले आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "बापनंबी दिधं, मायनंबी दिधं. पोऱ्या दोन्ही घरना शे!"

मी बाईंना विचारले, "म्हणजे हे सिद्ध झालं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "गट जुळला म्हणून बाप ठरत नाही. फक्त शंकेला होतं ते कारण गेलं. पाहिजे तर डीएनए चाचणी करा."

मी मुलाकडे पाहिले. बाळाने त्याचे बोट, नेमके टोचलेले, मुठीत धरले होते.

"नको साहेब," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "चुकलं माझं."

"घरी चला, मग पाहते," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

एजंटालाही बाईंनी सोडले नाही. "ओ सगळ्यांना चालतो? निगेटिव्ह माणसाला पॉझिटिव्ह रक्त चालत नाही. आणि ओच्या माणसाला स्वतःला फक्त ओच लागतं. देणारा हात मोठा, घेणारा लहान. आम्ही कार्डावर विश्वास ठेवत नाही, दर वेळी तपासतो, म्हणून माणसं वाचतात." त्याचे बोट टोचले. निघाला बी निगेटिव्ह. स्वतःच्या परवान्यावर त्याने काय लिहिले होते, हे विचारावे लागले नाही. तो खुर्चीत बसला आणि पाणी मागू लागला. त्याचा जबाब मी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवला.

पिकअपमधली माणसे रक्तपेढीच्या अंगणात उभी होती. आजीने फर्मान काढले, "इतला लोके उनात, ते रिकामा हाते नका जाऊ." एकेक जण आत येऊन रक्त द्यायला पलंगावर आडवा झाला. बाळाच्या आईनेही हात पुढे केला. अंगावर पिणारे मूल आहे म्हणून बाईंनी तिला परत पाठवले. तेव्हा तिचा नवरा उठला. "तिच्याऐवजी मी." सुई टोचताना त्याने डोळे उघडे ठेवले. चक्कर आली नाही. आजीने मात्र त्याला पाजायला तीन माणसांचे सरबत आणून ठेवले होते.

नोकरीत मी हजारो प्रश्न विचारले. कोण, कुठे, केव्हा, कशाने. त्या दिवसापासून त्यांच्या आधी एक प्रश्न घालू लागलो: हे तुम्हाला कशावरून माहीत? छापील रकान्याला माणसे साक्षीदारापेक्षा जास्त मान देतात, आणि साक्षीदार बाकावर बसून राहतो.

नरडाण्याला फोन करून पहाऱ्याचा माणूस उठवला. तिकडचे बाळ सारा वेळ झोपले होते, असे कळले.

सगळ्यांत शेवटी मी पलंगावर आडवा झालो. माझा गट निघाला बी पॉझिटिव्ह. सहाला पाच मिनिटे असताना ठाण्यात परतलो. टेबलावर आजीने ठेवून गेलेला पेढ्यांचा पुडा आणि रविवारच्या बारशाचे आमंत्रण होते. एक पेढा खाल्ला, हात पुसले. ओळखपत्र दुरुस्त करून मिळावे असा अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे लिहिला. मग खिशातले कार्ड काढले आणि रक्तगटाच्या रकान्यावर चिकटपट्टी लावली.