जनरेटरचा पासवर्ड

“साहब, मशीन फिर बंद हो गई.”

व्हिडिओ कॉलवर नजीब होता, अफगाणिस्तानातल्या एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन. पेशावरला वाढलेला, म्हणून आमचं हिंदी-उर्दूत जमायचं. मी यूएईत, उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपमध्ये. परदेशी सैन्य तिथे होतं तेव्हा देश उभा करायचा म्हणून शाळा, रस्ते, हॉस्पिटलं बांधली गेली. हा जनरेटर आमच्या कंपनीने त्यातच बसवलेला. सर्व्हिसिंगला मीच जायचो. सैन्य परतलं, कॉन्ट्रॅक्ट संपलं, आम्हीही परतलो.

स्क्रीनवर ‘लो ऑइल प्रेशर’ येत होतं. प्रेशर पडलं की इंजिन जळू नये म्हणून कंट्रोलर, म्हणजे जनरेटरचा मेंदू, सगळं बंद करतो. पण ऑइल भरलेलं होतं. सेन्सरच चुकीचं सांगत असावा. नजीबला बाजारात ट्रकचा सेन्सर मिळाला होता. तो चालला असता, पण त्यासाठी कंट्रोलरमधलं सेटिंग बदलावं लागतं, आणि त्याला पासवर्ड लागतो.

तिथे असताना नजीबने तो मला दोनदा विचारला होता. “कंपनी पॉलिसी,” म्हणून मी टाळलं होतं. आठवून शरम वाटली.

“सरकारी लाइट कितनी देर रहती है?”

“चार घंटे. आज दो सिझेरियन हैं.”

मी मॅनेजर वर्गीससाहेबांकडे गेलो.

“सलीम, कॉन्ट्रॅक्ट खलास. कुछ हुआ तो जिम्मेदार कौन?”

“सर, मशीन बंद ही है. और क्या होगा?”

“पहले गेज लगाके प्रेशर देखो. ठीक है तो दे दो. मेल में मुझे सीसी रखना.”

नजीबने काट्याचा गेज लावला. प्रेशर व्यवस्थित होतं. त्याने नवा सेन्सर बसवला, मी पासवर्ड सांगितला, सेटिंग त्यानेच बदललं. इंजिन सुरू झालं. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. बंद पडलं नाही. मग डॉक्टरबाई दारात आल्या, त्यांनीही उर्दूतच विचारलं. “कब तक चलेगा?”

माझ्याकडे न बघता नजीब म्हणाला, “जब तक डीज़ल है.”

त्यानंतर आम्ही दर शनिवारी तासभर बसायला लागलो. मी दुरुस्तीची माहिती सांगायचो, माझी बायको झुबेदा उर्दूत लिहून काढायची, नजीब त्याचं दरी भाषेत, म्हणजे तिथल्या फारसीत, भाषांतर करायचा. अशी चाळीस पानांची वही झाली. गेल्या महिन्यात त्याने आणखी तीन हॉस्पिटलांचे जनरेटर दुरुस्त केले. मला कळलं ते फोटो आल्यावर. फोन करायची गरजच पडली नव्हती.

आता कुठेही मशीन बसवलं की पासवर्ड मी तिथल्याच माणसाला ठरवून टाकायला लावतो, पहिल्याच दिवशी. सर्व्हिसचे कॉल कमी झालेत. वर्गीससाहेब त्यावर जरा नाराज आहेत.