ताईचा रोखलेला श्वास

ताई आतल्या खोलीत यंत्राखाली एकटीच आडवी पडली होती आणि बाहेर, माझ्यासमोरच्या पडद्यावर, तिचा श्वास एका रेषेसारखा वरखाली होत होता. डाव्या स्तनाच्या ऑपरेशननंतर आज तिचं रेडिएशन सुरू होणार होतं. माइकवरून तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "काकू, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." रेषा वर चढली, थरथरली आणि घसरली.

"असू द्या, पुन्हा करू."

"श्वास कशाला धरायचा?" मी शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना विचारलं.

"छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब सरकतं. पूर्वी आम्ही हे करत नव्हतो. उपचार झालेल्या बायकांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, तेव्हा कळलं, डाव्या बाजूला किरण घेतलेल्या काहींना पुढे हृदयाचा त्रास होतो."

कोण असतील त्या? कॅन्सरमधून सुटलो म्हणून घरी गेलेल्या, आणि मग एखाद्या दुपारी जिना चढताना छातीत कळ आलेल्या. ती कळ त्यांनी कुणाला तरी सांगितली. त्यांना स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नसेल.

रेषा पुन्हा चढली आणि या वेळी तिथेच थांबली. यंत्र घरघरलं. ते बंद होईपर्यंत मला पापणी हलवायचीही भीती वाटत होती.

ताई बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुमचीही नोंद ठेवू का? दर वर्षी फोन करून तब्येत विचारू."

ताईने पदर सारखा केला. "विचारा," ती म्हणाली, "बरी नसले तरी खरं सांगेन."