आधी हाक

जिजी घराबाहेर पाऊल टाकण्याआधी घरात असेल त्या प्रत्येकाला नावानं हाक मारत. विहिरीवर जायचं असो, शेजारी विरजण मागायला जायचं असो की अंगणातलं धुणं नुसतं उलटायचं असो. उंबऱ्याच्या आत उभ्या राहून त्या म्हणत, “दत्तू... इंदू...” आणि प्रत्येकाचं ‘हाव’, म्हणजे आमच्याकडचं ‘हो’, कानावर आल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नसे. माझे हात पिठात असोत, की आमचे हे दुपारचे आडवे झालेले असोत, ‘हाव’ म्हणणं भाग होतं. ह्यांना त्याचा भारी कंटाळा. ते नुसतं ‘हूं’ करत. जिजी पुन्हा हाक मारत. मग हे चिडून ‘हाव’ म्हणत आणि जिजी समाधानानं बादली उचलत.

आल्यागेल्याचीही यातून सुटका नव्हती. एकदा एक गृहस्थ बैल बघायला आले होते आणि ओसरीवर चहा पीत बसले होते. जिजींना बाहेर जायचं होतं आणि पाहुण्यांचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी आतूनच नाव विचारलं, मग त्या नावानं हाक मारली. बिचाऱ्यानं कप हातात धरून ‘हाव’ म्हटलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की मला पदर तोंडाला लावून आत पळावं लागलं. बैलांचा सौदा मात्र झाला नाही.

जिजी म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. आमचं घर दुसरबीडला, जालन्याकडे जाणाऱ्या सडकेला लागूनच. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा क्वेट्ट्याच्या भूकंपाची बातमी गावात आली. जिजींचे यजमान तिथं रेल्वेच्या कोठारात कारकून होते. हे मनमाडला जाऊन जिजींना घेऊन आले. जाताना भाच्यासाठी शेवेची पुडी घेऊन गेले होते, ती तशीच परत आली. जिजींच्या हातात एक पितळी गडू होता, एका बाजूनं चेपलेला. ढिगाऱ्यातून तेवढाच हाती लागला होता. यजमान गेले होते, त्यांचा मुलगा बाळू गेला होता. त्या रात्री काय झालं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांनी स्वतःहून सांगितलं ते एकदाच. आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. सुपावरची मान वर न करता त्या बोलायला लागल्या.

“भांडे वाजले पोरी. मले वाटलं, मांजर हाये. मनलं, ह्यायले काऊन उठवू, दिसभराचे थकेल. मी एकटीच उठली अन् मांजर हाकलाले मांगच्या आंगनात गेली. तेवढंच. वळून पाह्यलं त घर नव्हतं.”

थोडा वेळ सूप पाखडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मांजर नव्हतंच. आधी हाक माराची असते, मंग पाय उचलाचा असते. मी उलटं केलं.”

त्या दिवसापासून मी ‘हाव’ म्हणायला कधी कुरकुर केली नाही.

आमचं घर धाब्याचं होतं. सागाच्या तुळया, वर काड्या आणि त्यावर हातभर माती. पावसाळ्याआधी सगळं गाव छपरावर पांढऱ्या मातीचा नवा थर घालतं, नाहीतर घर गळतं. जिजी माती वाहणाऱ्या ह्यांच्याकडे खालून बघत राहत. क्वेट्ट्याचं घरही असंच होतं, एवढंच म्हणत. मग त्यांनी आपला बंदोबस्त केला. उतरंड कुणाच्या घरात नसते? पण जिजींनी पितळेची भांडी घेतली, त्यांच्यामधल्या सगळ्या चुंबळी काढून टाकल्या आणि हंड्यावर घागर, घागरीवर कळशी असं धातूवर धातू रचलं. सगळ्यात वर तो चेपलेला गडू, त्यात मूठभर चिंचोके आणि तोही असा कलता, की फुंकर मारली तर पडेल. जमीन हलली की तो आधी वाजेल, मग पडेल, आणि तेवढ्यात आपण अंगणातल्या निंबाखाली पोचू, असा त्यांचा हिशेब होता.

जमीन हलली नाही, पण सडक हलायची. सरकीची लॉरी गेली की गडू वाजे. मेहकरची मोटार गेली की वाजे. उंदीर, वारा, शेजारच्या आळीत कांडण, कशानंही वाजे. वाजला की जिजींच्या हाका सुरू होत आणि आम्ही जेवण टाकून, अंघोळ टाकून निंबाखाली उभे. गावाला फुकटची करमणूक झाली. ह्यांच्या नाकी नऊ आले. एकदा गडू नेमका वरणात पडला, तेव्हा हे म्हणाले की आता एक तर हा गडू घरात राहील नाहीतर मी. जिजींनी त्यांना दुसरं वरण वाढलं, गडू धुतला आणि पुन्हा वर ठेवला. हे घरातच राहिले.

गावच्या शाळेतले मास्तर भले माणूस होते. जिजींची चेष्टा न करणारे बहुधा ते एकटेच. एकदा ओसरीवर बसून त्यांनी समजावलं, की आपल्या वऱ्हाडाखालचा खडक जुना आहे, तो असा सहसा हलायचा नाही. मग म्हणाले, की काही देशांत जमिनीची हालचाल कागदावर आपोआप लिहून ठेवणारी यंत्रं आहेत. जिजींनी विचारलं, ते यंत्र सांगतं कुणाला? मास्तर म्हणाले, सांगत नाही, झालेलं लिहून ठेवतं. जिजींचा चेहरा पडला. मास्तरांनाच वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, “पण जिजी, तार जमिनीच्या धक्क्यापेक्षा जोरात पळते. जिथं आधी हललं तिथल्या तारमास्तरानं लगेच तार ठोकली, तर लांबच्या गावांना धक्का पोचायच्या आत बाहेर पडता येईल. कधीतरी होईल असं.”

जिजींचे डोळे असे चमकलेले मी आधी पाहिले नव्हते. त्यांनी मास्तरांना गूळ-शेंगदाणे दिले, तार किती जोरात पळते ते तीनतीनदा विचारलं. मास्तर जायला उठले तेव्हा मात्र त्यांनी विचारलं,

“मास्तर, तो तारवाला आधी कोनाले सांगंन वो? तुमाले तार करंन का घरच्यायले हाक मारंन?”

मास्तर जोडे घालता घालता थांबले. शेवटी ते म्हणाले, खरंच माहीत नाही जिजी. मीही तिथं उभी होते, आणि मलाही माहीत नव्हतं.

कुसुम झाली आणि जिजींच्या हाकेत तिसरं नाव आलं. माझी पोर बोलायला शिकली ती ‘हाव’ म्हणतच. तिचं ‘हाव’ साधं नव्हतं. ती ते लांबवायची, शेवटी वर चढवायची, ‘हाऽऽव’. जिजींना ते इतकं आवडे की काही काम नसताना त्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहत. गडू वाजला की कुसुम आपली चिंध्यांची बाहुली काखेला मारून सगळ्यांच्या आधी निंबाखाली पोचायची आणि तिथून आम्हालाच हाका मारायची. हे त्या वेळी हसायला लागले. पोर झाल्यापासून गडू पडला तरी ते फारसं रागावत नसत. मी एकदा पाहिलं, जिजी विहिरीवर गेल्या होत्या आणि हे स्वतः गडू नीट कलता करून ठेवत होते.

त्या वर्षी बोरं उदंड आली होती. पोरं दिवसभर बोरींखाली. एका सकाळी जिजी बादली घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, त्यांनी हाका मारल्या. मी ‘हाव’ म्हटलं, ह्यांनी म्हटलं. कुसुमचं ‘हाव’ आलं, पण जाडंभरडं, बसकं. जिजी हसल्या. मला म्हणाल्या, “पाह्य, लय बोरं हादडली वाटते. घसा पाह्य कसा बसला.” मीही हसले. संध्याकाळी तिला हळद घालून दूध दिलं, बोरं बंद म्हणून दटावलं. दुसऱ्या दिवशीही आवाज तसाच होता. अंग जरा कोमट होतं, पण ती खेळत होती. कुठल्या पोराचा घसा थंडीत बसत नाही?

तिसऱ्या दिवशी तिला श्वास घेताना आवाज यायला लागला. ह्यांनी बैल जुंपले. मेहकरच्या दवाखान्यापर्यंत मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, आणि जिजी तिच्या पायाशी. डॉक्टरांनी चमचा घालून घसा पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. घटसर्प म्हणाले. आवाज कधी बसला ते विचारलं. मी आठवू लागले तर जिजींनीच सांगितलं, परवा सकाळी, मी पाण्याले निंघाली तवा. डॉक्टरांनी मान हलवली. ह्याची सुई त्यांच्याकडे नव्हती, अकोल्याहून मागवावी लागणार होती. त्यांनी माणूस पाठवला. दिवेलागणीला कुसुम गेली. सुई दुसऱ्या दिवशी आली.

परत येताना गाडीत जिजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

“वाजलं होतं, इंदू. ह्या खेपीले बी वाजलं होतं. मी मांजर समजली.”

मी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं की त्यांनी मला, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी तर तिची आई. मीही तोच आवाज ऐकला होता, त्यांच्याबरोबर हसले होते. आम्ही दोघी गाडीच्या दोन कडांना धरून बसलो होतो आणि मध्ये कुसुम होती.

महिना-दीड महिन्यानं एका दुपारी सडकेवरून भरलेली लॉरी गेली. गडू खणखणून खाली आला आणि चिंचोके घरभर पांगले. लॉरी आहे हे कळत होतं, तरी सवयीनं आम्ही दोघं निंबाखाली जाऊन उभे राहिलो. जिजींची हाक आली नव्हती. त्या बाहेरही आल्या नाहीत. मी अंगणातून त्यांना हाक मारली. घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांना हाक मारायची माझी ती पहिलीच वेळ. आतून आवाज आला, “तुमी राह्य बाहीर. मी हाये मंदी.” आम्ही आत गेलो तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, अगदी मधल्या मोठ्या तुळईखाली, आणि एकेक चिंचोका वेचत होत्या. गडू त्यांनी पुन्हा वर ठेवला. आमच्यासाठी ठेवला. त्यानंतर तो कितीदा वाजला, त्या कधी बाहेर आल्या नाहीत. ह्यांनी हात धरून ओढून पाहिलं, मी पाया पडून पाहिलं. घर पडणार नव्हतं हे तिघांनाही ठाऊक होतं, पण त्या तिथं कशाची वाट बघत बसत तेही तिघांना ठाऊक होतं, आणि त्यावर आमच्याजवळ काही इलाज नव्हता.

पुढं मला दोन मुलगे झाले. जिजींनी त्यांना सांभाळलं, न्हाऊ-माखू घातलं, पण त्यांची नावं हाकेत घेतली नाहीत. घाबरत असाव्यात. मुलं मोठी होत असतानाच एका हिवाळ्यात त्यांना तापानं धरलं. शेवटच्या दिवशी बोलणं जड झालं होतं. दुपारी त्यांनी डोळे उघडले, पायावरची गोधडी बाजूला सारायला लागल्या. उठायचं होतं त्यांना. उठणं काही जमलं नाही. मग पडल्या जागीच त्यांनी हाक मारली, “दत्तू...” हे ‘हाव’ म्हणाले. “इंदू...” मी म्हटलं. मग त्यांनी बाळूला हाक मारली, त्याच्यामागून कुसुमला, आणि नेहमीसारख्या थांबल्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. जिजी कान देऊन पडल्या होत्या. ह्यांना जन्मभर त्या हाकेचा कंटाळा. ह्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, “हाव, जिजी. सारे बाहीर हाये.”

जिजींचे पाय गोधडीखाली स्थिर झाले. त्या गेल्या.

आता आमच्या घराला सिमेंटची गच्ची आहे. उतरंड केव्हाच मोडली. गडू देवघरात असतो, त्यात फुलं ठेवते. मला बाहेर जायचं असलं की मी उंबऱ्याशी थांबून सगळ्यांना नावानं हाक मारते. नातवंडं पुस्तकातून मान वर न करता ‘हाव’ म्हणतात, आजीचं खूळ म्हणून हसतात. हसू देत. ती काय म्हणतात इकडे माझं लक्षच नसतं, मी नुसता आवाज ऐकते. कुणाचा जरा बसका वाटला की चप्पल काढून परत आत येते, त्याच्या कपाळाला हात लावते आणि तिथंच बसून राहते. बहुतेक वेळा बोरंच खाल्लेली असतात.