पाजणीच्या दिवशी पाहिलेला अर्धा सिनेमा

त्या दुपारी बेळगावात मी अर्धाच सिनेमा पाहिला, आणि तो अर्धा मला जन्मभर पुरला.

आम्ही शहापूरचे विणकर. ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवण्याआधी त्याची पाजणी करावी लागते. गल्लीभर सूत ताणायचं, खळ लावायची आणि दोघांनी दोन बाजूंनी चालत, सूत वाळेपर्यंत कुंचे फिरवत राहायचं. मध्येच थांबलं की धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. आज काही पाजणी होत नाही, असं मीच ठरवलं, मिशीवरून हात फिरवला आणि निघालो. बायकोला सातवा महिना होता. आधीचं मूल पोटातच गेलेलं, म्हणून सुईणीनं तिला उभ्यानं करायचं काम बंद केलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं.

पडद्यावरचा नायक दहा जणांना लोळवत होता. लोक शिट्ट्या मारत होते, मीही मारल्या. मग तो घरी आला. बाहेर वादळ, त्याची बायको मोडकं दार एकटीच खांद्यानं रेटून उभी, आणि हा आपला पराक्रम सांगत बसलेला. लोक हसले. मला हसू येईना. थिएटरच्या पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं. ऊन पडलं म्हणजे माझ्या वडिलांनी, आप्पांनी, सूत ताणलं असणार, आणि दुसऱ्या बाजूनं चालायला घरात एकच माणूस होतं.

लोकांच्या शिव्या खात उठलो आणि शहापूरपर्यंत धावलो.

ताण्याच्या एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला ती, चेहरा पांढराफटक.

"नगं म्हनत हुतो," आप्पा वर न बघता म्हणाले. "खळ नासंल म्हनाली."

मी कुंचा घ्यायला गेलो. तिची बोटं दांड्यावर अशी आवळली होती की एकेक सोडवावं लागलं. ती उंबऱ्यावर बसली.

"मघाधरनं हाललं न्हाय," ती म्हणाली.

शेजारीण सुईणीला बोलवायला पळाली. मला बायकोपाशी बसायचं होतं.

"थांबू नगंस," आप्पा म्हणाले. "तिनं जिवावर उदार हुऊन राखलंय ते सूत."

मी चालत राहिलो. प्रत्येक फेरीला तिच्या तोंडाकडे बघायचो. आयुष्यात इतका कधी भ्यालो नाही. चौथ्या फेरीला ती पोटावरचा हात न काढता हळूच म्हणाली, "हाललं."

मला रडू फुटलं.

"डोळं पूस रं," आप्पा म्हणाले.

मी पुसले नाहीत. दोन्ही हात कुंच्यावर होते.